वाचकांचे प्रश्न : वॉर्डात संमतीपत्र समोर आलं तर

प्रश्न : माझे सासरे ७१ वर्षांचे. न्यूमोनिया झाला म्हणून त्यांना पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात ठेवलं होतं. ऑक्सिजन चालू होता, पण बोलत होते, चहा मागत होते. एक तरुण डॉक्टर मराठीत छापलेलं संमतीपत्र घेऊन आली. नाका-घशातला स्वॅब आणि थोडं जास्तीचं रक्त अभ्यासासाठी द्याल का, असं तिनं विचारलं. माझे दीर म्हणाले, ‘आमच्या माणसावर प्रयोग नकोत.’ मला वाटत होतं सही करावी. शेवटी केली नाही. सासरे आता घरी आहेत, बरे आहेत, पण घरात यावरून अजून वाद होतो. आणखी एक : डिस्चार्ज कार्डावर ‘जंतू आढळला नाही’ असं लिहिलंय. मग इतके दिवस औषध दिलं ते कशावर?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रात दीर काय म्हणाले ते आहे, तुम्हाला काय वाटलं ते आहे. सासरे काय म्हणाले ते कुठेच नाही. ते शुद्धीवर होते, चहा मागत होते, म्हणजे निर्णय त्यांचाच होता. नातेवाइकाची सही चालते ती रुग्ण बेशुद्ध असेल, लहान मूल असेल किंवा स्वतः ठरवण्याच्या अवस्थेत नसेल तेव्हाच. माझी नोकरी सरकारी मेडिकल कॉलेजच्या छातीविकार वॉर्डात झाली. तिथेही मी हेच बघत आले : कागद घेऊन आलेला निवासी डॉक्टर खाटेवरच्या आजोबांना ओलांडून थेट मुलाशी बोलायला लागतो. मला ते कधीच पटलं नाही. ज्याच्या नाकात काडी जाणार त्याला आधी विचारावं. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवायची तरतूद नियमांतच आहे.

आता दिरांची भीती. ती खोटी नाही, पण या कागदाला ती लागू नव्हती. अभ्यास दोन जातींचे असतात. एकात उपचार नेहमीचेच राहतात, फक्त नमुने आणि नोंदी घेतात. दुसऱ्यात औषधच पारखायचं असतं : काहींना ते मिळतं, काहींना नाही, आणि कुणाला काय हे डॉक्टरच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. तुमच्याकडे आलेला कागद पहिल्या जातीचा दिसतो. मी असते तर त्यावर सही केली असती.

का, ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नातच आहे. अमेरिकेत शिकागो आणि नॅशव्हिल इथल्या पाच रुग्णालयांत २०१० ते २०१२ या काळात न्यूमोनियाने दाखल झालेल्या प्रौढांचा असाच अभ्यास झाला, २०१५ साली प्रसिद्ध झाला. २,२५९ जणांचे नमुने होते. स्वॅब, रक्त, लघवी, जमेल तिथे बेडका, सगळं तपासलं. जंतू सापडला फक्त ३८ टक्क्यांत. शंभरातल्या बासष्ट जणांचं कार्ड तुमच्या सासऱ्यांसारखंच कोरं. आणि जे सापडलं त्यात जिवाणूंपेक्षा विषाणू जास्त होते. सर्वांत जास्त आढळला तो साध्या सर्दीचा ऱ्हायनोव्हायरस!

जंतू न सापडण्याची कारणं रोजची असतात. गावातल्या डॉक्टरांनी आधीच प्रतिजैविक सुरू केलेलं असतं. बेडका म्हणून डबीत येते ती नुसती लाळ. किंवा जंतू खोल फुप्फुसात, तिथवर स्वॅब पोचत नाही. आम्ही मात्र थांबू शकत नाही. वय, एक्स-रे, ऑक्सिजनची पातळी, मधुमेहासारखे जुने आजार आणि त्या भागात कोणते जंतू नेहमी आढळतात हे बघून पहिल्याच दिवशी औषध चालू करावं लागतं. सासऱ्यांना औषध दिलं ते यावर. हा अंदाज जितका नेमका तितकी प्रतिजैविकं वाया कमी जातात. आणि अंदाज नेमका व्हायचा तर कराडच्या, पुण्याच्या, आपल्या हवेतल्या रुग्णांचे नमुने हवेत. शिकागोच्या आकड्यांवर आपण किती दिवस औषधं लिहायची?

दुसऱ्या जातीच्या अभ्यासाबद्दलही थोडं सांगते, कारण ‘प्रयोग’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तोच येतो. २०२१च्या एप्रिलमधले व्हॉट्सॲपवरचे निरोप आठवतात? ‘तातडीने प्लाझ्मा हवा, ओ पॉझिटिव्ह.’ म्हणजे कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव, तो आजारी माणसाला चढवायचे. लोक रात्री-अपरात्री एका रक्तपेढीतून दुसऱ्या रक्तपेढीत धावत होते. आणि उत्तर सहा महिने आधीच हाती आलेलं होतं. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २०२०च्या एप्रिल ते जुलैमध्ये देशातल्या ३९ रुग्णालयांत ४६४ कोविड रुग्णांवर चाचणी केली होती. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा, निम्म्यांना फक्त नेहमीचे उपचार. आजार बळावणं किंवा मृत्यू : प्लाझ्माच्या गटात १९ टक्के, दुसऱ्या गटात १८. म्हणजे उपयोग नाही. निष्कर्ष ऑक्टोबर २०२०मध्ये छापून आला, आणि मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला मे २०२१मध्ये. मधल्या काळात किती घरांचा पैसा आणि जीव त्यामागे पिळवटला, याचा मला आजही त्रास होतो. त्या ४६४ जणांनी ‘हो’ म्हटलं म्हणून निदान ती धावपळ कधीतरी थांबली. याच रीतीने ब्रिटनमध्ये जून २०२०मध्ये कळलं की डेक्सामेथासोन हे स्वस्त, जुनं स्टेरॉइड व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू ४१ टक्क्यांवरून २९वर आणतं, पण ज्यांना ऑक्सिजनचीही गरज नाही त्यांना त्याचा फायदा होत नाही.

पुन्हा असा कागद आला तर घाईने हो म्हणू नका, घाईने नाहीही म्हणू नका. विचारा : नैतिकता समितीची मान्यता आहे का? औषधांच्या चाचण्यांना मान्यता देणाऱ्या समितीत किमान सात सदस्य असावे लागतात, निम्मे रुग्णालयाबाहेरचे, त्यांत कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य नागरिक. जास्तीच्या तपासणीचा खर्च बिलात येणार नाही ना? उरलेल्या नमुन्याचं काय करणार? औषधाची चाचणी असेल तर अपाय झाल्यास भरपाई कोण देणार? संमतीपत्राची प्रत मागून घ्या, त्यावर समितीशी संपर्काचा तपशील असतो. सही केल्यावरही केव्हाही माघार घेता येते, कारण द्यावं लागत नाही. आणि नकार दिला म्हणून कुणी उपचारात हात आखडता घेतला, तर तक्रार जरूर करा.

प्रश्न : आई आयसीयूत व्हेंटिलेटरवर आहे. पलंग डोक्याकडून उंच ठेवतात, त्यामुळे ती सारखी खाली घसरते. भेटीच्या वेळी आम्ही पलंग सपाट केला तर सिस्टर रागावल्या. एवढं काय बिघडतं?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : सिस्टर बरोबर होत्या. पलंग सपाट असला की पोटातलं आणि तोंडातलं पाणी नळीच्या कडेने फुप्फुसात झिरपतं, आणि व्हेंटिलेटरवर असतानाच नवा न्यूमोनिया होतो. बार्सिलोनामध्ये ८६ रुग्णांवर हे पाहिलं गेलं, १९९९ साली छापून आलं : सपाट झोपवलेल्यांत ३४ टक्क्यांना न्यूमोनियाची शंका आली, ४५ अंशांवर ठेवलेल्यांत ८ टक्क्यांना. अभ्यास लहान होता, म्हणून आकडे घट्ट धरून बसू नका. पण मनाई करण्यासारखं कारण नसेल तर पलंग ३० ते ४५ अंशांवर ठेवावा, ही आता जगभरची रीत आहे.

आई घसरते हे मात्र सिस्टरना नक्की सांगा. गुडघ्यांखालचा भाग थोडा उचलता येतो, वर सरकवून घेता येतं. ते दोघांनी मिळून, नळी सांभाळून करायचं काम आहे, तुम्ही एकट्याने ओढू नका. पाठीची आणि माकडहाडाची कातडी रोज बघितली जाते का, तेही विचारा. आणि तिला हात लावण्याआधी व नंतर तुमचे हात धुवा.