वाचकांचे प्रश्न : इंटर्नशिपमधली ती रात्र

प्रश्न : मी २४ वर्षांची असून कोकणातल्या एका रुग्णालयात इंटर्नशिप करते आहे. घर मालवण तालुक्यात आहे. दोन महिन्यांपूर्वी माझ्या रात्रपाळीत नऊ वर्षांचा एक मुलगा पोट दुखते म्हणून आला. अंगावर कुठेही खूण नव्हती. पाऊण तासाने त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तेव्हा मण्यार चावल्याचे लक्षात आले. पहाटेपर्यंत आळीपाळीने अंबू बॅग (हाताने दाबून कृत्रिम श्वास देण्याची पिशवी) दाबूनही तो वाचला नाही. तेव्हापासून मला सलग झोप लागत नाही, अपघात विभागाच्या दारात पाय अडखळतो आणि कधीकधी सकाळी जाग येऊच नये असे वाटते. सीनियर म्हणतात, सवय होईल. आई म्हणते, सगळे सोडून घरी ये. मानसोपचार घेतले तर पुढे रजिस्ट्रेशनला किंवा पीजीला अडचण येईल का? इथे केमिस्टपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे ओळखीचे आहेत.

उत्तर : तुमच्या पत्रात ओझरते आलेले एक वाक्य मी सर्वांत आधी घेते. सकाळी जाग येऊच नये असे वाटणे आणि जीव संपवावा असे वाटणे यांत अंतर आहे. पण जागरणाने आणि एकटेपणाने ते भराभर कमी होते. तसा विचार आला असेल किंवा पुढे आला, तर खोलीत एकट्या राहू नका. मैत्रिणीला उठवून स्पष्ट शब्दांत सांगा, तिच्यासोबत तातडीच्या विभागात जा, किंवा १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. ही शासकीय सेवा मोफत असून चोवीस तास चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येते.

आता नोंदीविषयी. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम २३ नुसार तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणे हे उपचार करणाऱ्याचे कर्तव्य आहे. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असणे असे त्याला मोजके अपवाद आहेत. कलम ३ तर असेही सांगते की, पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून आज किंवा पुढे कोणालाही मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. तेव्हा रजिस्ट्रेशनच्या भीतीने उपचार लांबवू नका.

ओळखीच्या लोकांची अडचण मात्र खरी आहे. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयाच्या फाटकाशी कोणी दिसले तरी गावात चर्चा होते, हे मी वर्षानुवर्षे पाहते आहे. त्यातून, जे आपले मूल्यमापन करतात त्यांच्यासमोरच मन उघडे करायचे, हे शिकाऊ डॉक्टरला जवळजवळ अशक्य असते, आणि तशी अपेक्षा कोणी करूही नये. म्हणून आपल्या रुग्णालयाबाहेरचा मानसोपचारतज्ज्ञ निवडा. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांमुळे पुण्या-मुंबईच्या तज्ज्ञाशी व्हिडिओवर रीतसर सल्लामसलत करता येते. झोपेची गोळी मात्र स्वतःच लिहून किंवा वॉर्डातून मागून घेऊ नका; डॉक्टरांमध्ये ही सवय फार लवकर लागते आणि मूळचा त्रास झाकून टाकते. अशा घटनेनंतर पहिले काही आठवडे झोप उडणे स्वाभाविक असते. तुम्हाला दोन महिने झाले आहेत, आणि त्रास महिन्याच्या पुढे टिकला की तपासणी करून घ्यावीच.

त्या मुलाविषयी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही, वेदना जेमतेम असते आणि पहिली तक्रार पोटदुखीची असू शकते. तिचे विष मज्जातंतूंच्या टोकांनाच इजा करते, त्यामुळे एकदा स्नायू लुळे पडू लागले की प्रतिविषाने ते लगेच पूर्ववत होत नाहीत आणि सारी भिस्त कृत्रिम श्वासावर राहते. पाऊण तास आधी कळले असते तर तो वाचला असता का, हे मी सांगू शकत नाही. तुम्हीही रोज रात्री एकटीने त्याचा निकाल लावत बसू नये. हा मृत्यू आढावा बैठकीत मांडला जावा, अशी मागणी करण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. तिथे निदानाला वेळ का लागला, व्हेंटिलेटर का मिळाला नाही, पालक कधी निघाले, हे सगळे एकत्र ठेवले जाते, आणि मग त्या रात्रीचा सगळा भार एका इंटर्नच्या खांद्यावर राहत नाही.

सीनियर सवयीविषयी जे म्हणतात, ते मला मान्य नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ च्या अहवालासाठी २५ हजारांहून अधिक एमबीबीएस विद्यार्थ्यांकडून माहिती घेतली, तेव्हा सुमारे २८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक आरोग्याची तक्रार असल्याचे सांगितले. एवढ्या मुलामुलींना सवय झालेली नाही, तर दोष त्यांच्या कणखरपणात शोधणे चूक आहे. त्याच गटाने निवासी डॉक्टरांचे काम आठवड्याला ७४ तासांवर जाऊ नये असे सुचवले आहे. त्यावरून आज प्रत्यक्षात काय चालते याचा अंदाज येतो.

राहिला आईचा प्रश्न. हक्काची रजा घेऊन आठ दिवस घरी जाणे आणि इंटर्नशिप सोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली जरूर करा, दुसरीचा निर्णय झोप परत येईपर्यंत घेऊ नका. आईला त्या मुलाविषयी तुम्ही सांगितले आहे, असे पत्रावरून वाटत नाही. लेक कामाला कंटाळली आहे, एवढेच त्यांना दिसत असावे. गेल्यावर आधी ते सांगा.