बॅकस्ट्रीट बॉईजनी 'नेव्हर गॉन'मध्ये स्टाईल कामून बदलली?

बॅकस्ट्रीट बॉईज या पाच जणांच्या अमेरिकन पॉप बँडचा 1999 चा अल्बम 'मिलेनियम' ऐकून त्यांचाच 2005 चा 'नेव्हर गॉन' लावला की हा तोच बँड वाटत नाही, नाचायची गाणी गेली कुठं, असं तुम्ही विचारलंय. मला पण तसंच वाटलं होतं. 2005 ला मी लातूरला ट्यूशनसाठी रूम करून राहायलो होतो, रूममेटनं पुण्याहून कॅसेट आणली, लोडशेडिंगमुळं तासन्‌तास लाईट नसायची मग वॉकमनला पेन्सिल सेल टाकून दोघं एकेक इअरफोन कानात घालून ऐकायचो. त्यातलं 'इनकम्प्लीट' हे गाणं लागलं, आधी नुसता पियानो, मग खरे ड्रम न् गिटार, मी म्हणलो अरे दुसऱ्याच कुणाची कॅसेट आणलीस का काय.

आधीचा अल्बम 'ब्लॅक अँड ब्लू' 2000 चा, त्यानंतर हा थेट 2005 ला. मधल्या काळात बँडमधला एजे 2001 ला व्यसनापायी रिहॅबला जाऊन आला, दुसरा गायक निक, त्यानं 2002 ला 'नाऊ ऑर नेव्हर' हा सोलो अल्बम काढला त्यातच गिटार रॉक आला होता, आणि बँडमधलाच केविन तर तिशी ओलांडलेला, त्या माणसानं 'एव्हरीबडी' या त्यांच्या जुन्या नाचाच्या गाण्यासारखं किती दिवस नाचायचं हो?

लोक म्हणायलेत त्यांची जुनी गाणी लिहिणारा, बनवणारा मॅक्स मार्टिन सोडला म्हणून आवाज बदलला. नाही. या अल्बममधल्या 'जस्ट वॉन्ट यू टू नो' आणि 'सायबेरिया'मध्ये तोच आहे, पण तो स्वतःच बदलला होता, त्यानंच बनवलेलं गायिका केली क्लार्कसनचं 2004 चं 'सिन्स यू बीन गॉन' ऐका, गिटारच गिटार. तेव्हा पॉपच तिकडं वळलं होतं.

आता माझं मत. बदललं ते खालचं वाजवणं सगळं, वरचे पाच गळे तेच राहिले. आमच्याकडं भजनात मृदंगाच्या जागी ढोलकी आली तरी मागं सूर धरणारे झीलकरी तेच असले की डोळे मिटून कळतं कोणाचं भजन आहे, तसंच. 'मिलेनियम'मधलं 'शो मी द मीनिंग ऑफ बीइंग लोनली' ऐकून लगेच 'इनकम्प्लीट'चा कोरस लावा, एकमेकांवर चढवलेले आवाज तसेच्या तसे आहेत.

सगळा अल्बम भारी नाही, मधली दोनतीन गाणी मी आजही पुढं ढकलतो. पण 'नेव्हर गॉन' हे गाणं नक्की ऐका, केविनच्या वडिलांच्या जाण्यातून आलेलं आहे ते आणि लिहिण्यात तो स्वतः आहे. दुसऱ्याच वर्षी तो बँड सोडून गेला, थेट 2012 ला परतला, मधली सहा वर्षं हेच गाणं लावलं की मला त्याचा तो खालच्या पट्टीतला आवाज लई आठवायचा.