आवडत्या फुटबॉलपटूचा गुडघा गेला की चाहत्यानं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ज्याच्यासाठी रात्र रात्र जागून सामने बघितले त्या खेळाडूच्या गुडघ्याचा एसीएल (गुडघ्याच्या आतला, दोन हाडांना बांधणारा दोर) तुटला, त्याचा हंगाम संपला, तुम्हाला झोप लागत नाही, आणि घरचे विचारतात, "तो तुझा कोण लागतो?" मी जास्तच मनावर घेतोय का, आणि आता करू तरी काय?

जास्त मनावर घेत नाही आहात. आणि करण्यासारखं एक काम नक्की आहे, फक्त ते अवघड आहे. तो परत कधी खेळणार हे विचारणं थांबवायचं. दोन्ही गोष्टी का म्हणतोय ते सविस्तर सांगतो.

मी वेंगुर्ले तालुक्यातला, शिरोड्याच्या बाजूचा. पलीकडे तेरेखोलची खाडी आणि गोवा. कोकणात बहुतेक ठिकाणी भात कापून झालं की क्रिकेटच्या स्पर्धा लागतात. आमच्याकडे त्याही असतात, पण गोव्याचा शेजार असल्यामुळे पोरांना फुटबॉलचीही तेवढीच ओढ आहे. मोकळ्या मळ्यात बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात, आणि एफसी गोवाचा सामना असला की गोव्यातल्या फातोर्ड्याच्या स्टेडियमला जायला गाड्या ठरतात.

2023 च्या ऑगस्टमध्ये आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगचे गट जाहीर झाले आणि आपल्या मुंबई सिटी क्लबच्या गटात सौदी अरेबियाचा अल हिलाल आला. ब्राझीलचा नेमार तेव्हा नुकताच अल हिलालमध्ये गेला होता. म्हणजे नेमार भारतात खेळणार! पुढे हा सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर ठरला, आणि आमच्या भागातल्या पोरांनी लगेच बेत आखला. कोकणकन्येनं जायचं, नवी मुंबईतल्या कुणाच्या तरी काकांकडे उतरायचं. आयुष्यात एकदा डोळ्यांनी बघायचा माणूस. मग 17 ऑक्टोबरला मोंतेविदेओमध्ये उरुग्वेविरुद्ध खेळताना त्याचा डावा गुडघा गेला. एसीएल आणि मेनिस्कस (गुडघ्यातली गादी), दोन्ही. त्याला स्ट्रेचरवरून नेताना तो रडत होता, ते दृश्य पोरं मोबाइलवर पुन्हा पुन्हा बघत होती. 6 नोव्हेंबरला अल हिलाल त्याच्याशिवाय आला आणि 2-0 जिंकून गेला.

त्या पोरांचं पहिलं वाक्य होतं, "आता आपल्याला तो बघायला मिळणार नाही." यात स्वार्थ आहे असं कुणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. आपण खेळाडूवर प्रेम करतो म्हणजे त्याच्या शरीराच्या एका विशिष्ट हालचालीवर करतो. भरधाव धावता धावता एका पायावर थबकणं, अंग एका बाजूला झुकवून दुसऱ्या बाजूनं निसटणं. ती वळण्याची ढब आपल्याला पाठ असते. आणि एसीएलचं काम नेमकं तेच आहे. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांना गुडघ्याच्या आत तिरका बांधणारा हा दोर. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा आतल्या आत पिळवटू नये, ते तो सांभाळतो. म्हणून ज्या हालचालीसाठी आपण टीव्हीसमोर बसतो तिच्यावरच घाला पडतो. तुम्हाला झोप लागत नाही यात काही वावगं नाही.

यानंतर बहुतेक चाहत्यांना राग येतो आणि मग कुणीतरी अपराधी लागतो. 17 ऑक्टोबर 2020 ला (तारीख तीच, वर्ष वेगळं) एव्हर्टनचा गोलरक्षक जॉर्डन पिकफर्ड लिव्हरपूलच्या व्हर्जिल व्हॅन डाइकवर आदळला आणि व्हॅन डाइकचा एसीएल गेला. टॅकल वाईट होता, त्याला शिक्षा झाली नाही, चाहत्यांचा संताप मला समजतो. पण पुढे पिकफर्डला समाजमाध्यमांवर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, त्याचं समर्थन कुणाच्याही प्रेमानं होत नाही. शिवाय एसीएलच्या बहुसंख्य दुखापतींत समोरच्या खेळाडूचा धक्का लागलेलाच नसतो. उडी मारून उतरताना, एकदम थांबताना, वळताना पाय जमिनीत रुततो आणि वरचं शरीर फिरतं, तेवढं पुरतं. स्पेनची अलेक्सिया पुतेयास 2022 च्या युरो स्पर्धेच्या तोंडावर सरावात जायबंदी झाली. महिला खेळाडूंना तर हा धोका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि त्याची चर्चा मात्र आत्ता आत्ता सुरू झाली आहे.

आता परतण्याच्या तारखेबद्दल. हा भाग मी घरात बघितलाय, म्हणून जरा जास्त लिहितो.

माझा भाचा विंगर होता, म्हणजे मैदानाच्या कडेनं चढाई करणारा. मळ्यातल्या स्पर्धेत चेंडू घेऊन आत वळताना खाली बसला. जवळ कुणीही नव्हतं. "मामा, गुडघ्यातसून आवाज इलो," एवढंच म्हणाला. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. हाडवैद्याचा लेप बसला, आठवडे गेले, सूज उतरली, तो चालायला लागला, मोटारसायकलवर बसायला लागला. सगळ्यांना वाटलं, बरा झाला. एसीएलची ही सगळ्यात फसवी गोष्ट आहे: तो तुटलेला असतानाही माणूस सपाट रस्त्यावर सरळ चालू शकतो. वळायची वेळ येते तेव्हा गुडघा सटकतो, आणि दर सटकण्यात आतली मेनिस्कसची गादी थोडी थोडी फाटत जाते.

तेवढ्यात बाजारात विचारणा सुरू झाली. "काय रे, बरो झालंस मां? आता उतरतलंस कधी?" मासळीवाल्या बाईंपासून बसस्टँडवरच्या चहावाल्यापर्यंत सगळे. त्यातला एकही माणूस त्याचा वाईट चिंतणारा नव्हता. त्याच्या खेळावर जीव होता म्हणूनच विचारत होते. माझी बहीण एकटी म्हणायची, "तेका आधी नीट चलांदे." तो पुढच्या स्पर्धेत उतरला, दुसऱ्याच वळणाला गुडघा पुन्हा सटकला, आणि मग गोव्यात बांबोळीच्या मोठ्या रुग्णालयात नेऊन एमआरआय केला तेव्हा कळलं की एसीएल पूर्ण तुटलाय आणि मेनिस्कसही फाटलाय.

शस्त्रक्रियेत तुटलेला दोर शिवत नाहीत, सहसा नवा घालतात. मांडीच्या मागच्या स्नायूचा किंवा गुडघ्याच्या वाटीखालचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घेऊन तो हाडांत बोगदे पाडून बसवतात. आता लक्षात घ्या, बसवल्या दिवशी तो मजबूत असतो आणि पुढचे काही महिने उलट कमजोर होत जातो, कारण त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या शिरायला वेळ लागतो, आणि मग हळूहळू त्याचा खरा दोर बनतो. याला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. आमच्याकडे हापूसचं नवं कलम लावलं की पहिली काही वर्षं आलेला मोहोर खुडून टाकतात, झाडाला फळाचा भार घेऊ देत नाहीत. गुडघ्यातल्या कलमाचंही तसंच. रुग्णाला मात्र चौथ्या-पाचव्या महिन्यात एकदम बरं वाटतं, दुखत नाही, धावता येतं. घात होतो तो इथे. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचं प्रमाण स्पष्टपणे जास्त असतं, आणि विशीच्या आतल्या मुलांमध्ये आणखी जास्त. नऊ महिने झाले म्हणून परवाना मिळतो असंही नाही. त्या पायाची ताकद दुसऱ्या पायाच्या जवळपास आली का, एका पायावर उडी मारून नीट उतरता येतं का, हे तपासावं लागतं.

भाच्यानं त्या काळात बाजारातून जाणं सोडलं. मागच्या पाणंदीनं जायचा, कारण दर दहा पावलांना तोच प्रश्न. घरात गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळायचा व्यायाम करायचा, तासन्‌तास. त्याला काय उपयोगी पडलं म्हणाल तर संघानं त्याला सोडलं नाही. लहान मुलांच्या सरावाला शिट्टी त्याच्या हातात दिली, संघ निवडताना त्याचं मत घेतलं. संघात तारीख कुणी विचारली नाही. वर्षाहून जास्त काळानं तो खेळला. आता बचावात खेळतो, विंगवर नाही, आणि दर स्पर्धेला जात नाही.

मोठ्या खेळाडूंचंही वेगळं नसतं, फक्त विचारणारे लाखोंनी असतात. ब्राझीलच्या रोनाल्डोचं उदाहरण घ्या. त्याचा एसीएल नव्हता, वाटीखालचा कंडरा होता. नोव्हेंबर 1999 मध्ये इटलीच्या इंटर मिलानकडून खेळताना तो जायबंदी झाला, 12 एप्रिल 2000 ला लाझिओविरुद्ध परतला, आणि बदली म्हणून उतरून काही मिनिटांतच तोच कंडरा पूर्ण तुटला. पुढचा सबंध हंगाम गेला. आणि मग 2002 च्या विश्वचषकात आठ गोल, अंतिम सामन्यात जर्मनीविरुद्ध दोन्ही त्याचेच. लोकांना शेवटचं वाक्य लक्षात राहतं. मला वाटतं, चाहत्यानं मधली दोन वर्षं लक्षात ठेवावीत. व्हॅन डाइकचंच बघा, त्यानं युरो स्पर्धा सोडून दिली, घाई केली नाही, आणि 2025 मध्ये लिव्हरपूलचा कर्णधार म्हणून इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. नेमार वर्षभरानं परतला आणि लगेच मांडीच्या स्नायूनं पुन्हा बाहेर गेला. रेआल माद्रिदच्या मिलिताओचे 2023 आणि 2024 अशा लागोपाठच्या दोन वर्षांत दोन्ही गुडघे गेले. आपल्या भारतीय संघाचा बचावपटू संदेश झिंगन याचा एसीएल 2019 मध्ये कोलकात्यातल्या बांगलादेश सामन्याच्या तोंडावर गेला. त्याचा सबंध आयएसएल (इंडियन सुपर लीग) हंगाम हुकला, पण तो परतला, एफसी गोवात आला, आणि 2023 पासून फातोर्ड्यात आम्ही त्यालाच बघायला जायचो.

मग तुम्ही काय करायचं? संघाचे सामने बघणं सोडू नका. तोही दवाखान्यातून ते बघत असणार. त्याच्या पानावर लिहायचं असेल तर त्याचा एखादा गोल, एखादं वळण तुम्हाला का आवडते ते लिहा. "कधी येतोस?" लिहू नका. टॅकल करणाऱ्याच्या पानावर जाऊच नका. स्पेनच्या रोद्रीनं सप्टेंबर 2024 मध्ये एसीएल गमावला आणि पुढच्याच महिन्यात कुबड्या घेऊन बॅलन डी'ओर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार) घ्यायला मंचावर गेला. त्या रात्री त्याच्या मागच्या वर्षाच्या खेळाचं कौतुक झालं, आणि ते योग्यच होतं. आणि तुमचा खेळाडू परतला की पहिले काही महिने त्याला वळताना बिचकलेला बघाल. पाय तयार असतो, पण मनाला तो दिवस आठवतो. त्या काळात "आता पूर्वीचा राहिला नाही" हा निकाल देऊ नका.

आणखी एक. तुम्ही स्वतः खेळत असाल किंवा गावातल्या पोरांचा संघ सांभाळत असाल, तर फिफाचा '11+' नावाचा वॉर्म-अप आहे, साधारण वीस मिनिटांचा, त्याला चेंडूखेरीज काही लागत नाही. उडीवरून उतरताना गुडघा आत पडू न देणं, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, तोल, हे सगळं त्यात आहे, आणि नियमित करणाऱ्या संघांत दुखापती लक्षणीय कमी होतात हे सिद्ध झालंय. आमच्या पोरांना सुरुवातीला कंटाळा यायचा. आता कप्तान स्वतः करून घेतो.

तुमच्या खेळाडूचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. त्याचा फक्त एसीएल गेलाय की मेनिस्कसही, आणि मेनिस्कस शिवलाय की कापलाय, हे क्लबच्या निवेदनात असेल तर खाली लिहा. शिवला असेल तर सुरुवातीचे आठवडे पायावर भार टाकायला आणि गुडघा वाकवायला जास्त बंधनं असतात, त्यामुळे कुबड्या लांबल्या म्हणून घाबरून जाऊ नका.