सेल्फ फिरतो, पण ट्रकचं इंजिन घेत नाही: पंप उतरवण्याआधी काय बघायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहाचाकी ट्रक, नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या साध्या पंपाचा, कॉमन रेल (सगळ्या नोझलना एकाच पाईपातून जास्त दाबाचं डिझेल देणारी, कॉम्प्युटरवर चालणारी पद्धत) नाही. तळोजा एमआयडीसीत माल भरायची वाट बघत दोन दिवस उभा होता. आता सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन घेत नाही. बॅटऱ्या नव्या आहेत. जवळचा फिटर म्हणतो पंप उतरवून कॅलिब्रेशनला, म्हणजे मशीनवर तपासून जुळवायला, न्यावा लागेल, वीस-पंचवीस हजार धरा. ड्रायव्हर म्हणतो त्यापेक्षा टोचन मारू, दुसऱ्या गाडीने ओढून चालू करू.

माझं कळंबोलीत स्टील मार्केटच्या बाजूला गॅरेज आहे आणि अशा गाड्या रोज समोर येतात, म्हणून सांगतो. आज दोन्ही करू नका.

पंप झिजायला लागला की आधी बरेच दिवस कुरकुर करतो. गरम इंजिन बंद केलं की परत चालू व्हायला त्रास देतं, चढाला गाडी ओढत नाही, पिकअप बसतो. परवापर्यंत नीट धावलेली गाडी उभ्या-उभ्या पंपाने गेली, असं क्वचित होतं. उभ्या गाडीत बिघडतं ते बहुतेक वेळा टाकी ते पंप या वाटेवरचं काहीतरी, किंवा स्टॉपचं, म्हणजे डिझेल तोडून इंजिन बंद करणाऱ्या यंत्रणेचं. आणि टोचन मारून काय मिळतं? इंजिन फिरतं, एवढंच. ते तर तुमचा सेल्फ फिरवतोच आहे. वर दोन दिवस उभ्या गाडीच्या ब्रेकच्या टाकीतली हवा उतरलेली असते. स्प्रिंगचा हँडब्रेक असेल तर हवेशिवाय तो सुटत नाही, चाकं जाम राहतात, आणि पुढची गाडी तुमचे टायर रस्त्यावर घासत नेते. सुटला तरी ब्रेक मारायला हवा नाही आणि स्टिअरिंग दगडासारखं जड. तळोज्याच्या त्या कंटेनरच्या गर्दीत असला खेळ नको.

आता कामाचं. एका माणसाला केबिनमध्ये बसवा, तुम्ही सायलेन्सरच्या तोंडाशी उभे राहा आणि सेल्फ मारायला सांगा. दहा-पंधरा सेकंद, त्याहून जास्त नाही. मग मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फची वाइंडिंग तापून जळते आणि खर्च वाढतो. बघायचं एकच: धूर येतो का, आणि कसला.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती ५०० अंशांच्या वर तापते आणि त्यात नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेटतं. म्हणजे हवा हवी, तिचा दाब हवा आणि डिझेल हवं. सेल्फ मारताना पांढरट, डोळ्यांना झोंबणारा धूर आला, तर डिझेल आत जातंय पण पेटत नाही. धुराचा मागमूस नसेल, तर डिझेल पोचतच नाही. ही एक गोष्ट बघायला पैसा लागत नाही, आणि तरी निम्मे फिटर ती न बघता पाना हातात घेतात, याचा मला खरंच राग येतो.

एक खबरदारी. धूर नाही असं म्हणण्याआधी सायलेन्सरच्या तोंडाला हात लावून बघा, हवेचे धक्के लागतात का. काही गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेकची (धुराची वाट अडवून वेग कमी करणारी) झडप बंद अवस्थेत जाम होते, मग धूरही बाहेर येत नाही आणि इंजिनही घेत नाही. उभ्या गाडीत गंजाने हे होतं.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतं धूर येत नसणार. तसं असेल तर सगळ्यात आधी स्टॉप बघा. ओढायची नॉब असेल तर ती आत ढकलल्यावर पंपावरचा लिव्हर पूर्ण मागे येतोय ना, हे खाली वाकून डोळ्यांनी बघा. केबल गंजली की नॉब आत जाते आणि लिव्हर तिथेच अडकून राहतो. हाताने सोडवा, दोन थेंब तेल घाला, झालं काम. सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा स्टॉप, असेल तर चावी फिरवताना त्याच्याजवळ टक् असा आवाज यायला हवा. आला नाही तर फ्यूज, वायर आणि अर्थिंग बघा. वाशीच्या एपीएमसीत दाणा मार्केटला लागणाऱ्या गाड्यांच्या वायरी उंदीर कुरतडतात. तुमची गाडी तिथे रात्रभर लागत असेल तर वायरवर हात फिरवूनच पुढे जा.

स्टॉप ठीक निघाला की वळा डिझेलकडे. काट्यावर विश्वास ठेवू नका, टाकीत काठी घालून बघा. डिझेल आहे? मग एअर काढायची. दोन दिवस उभ्या गाडीत फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप) व्हॉल्व्ह थोडा गळका असला किंवा एखादी युनियन, म्हणजे पाईपाचा जोड, ढिली असली की लाईनमधलं डिझेल हळूहळू परत टाकीत उतरतं आणि त्याच्या जागी हवा बसते. मोठ्या पंपाला हवा पुढे ढकलता येत नाही, ती नुसती दबते आणि परत फुगते, नोझल उघडतच नाही.

फीड पंपावर हाताने दाबायचा प्रायमर असतो. त्याची मूठ उलटी फिरवून सोडवा. डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा एअर बोल्ट दोन आटे ढिला करा आणि प्रायमर मारायला लागा. घाई नको, पूर्ण वर, पूर्ण खाली. आधी नुसती फुसफुस होईल. मग उसाच्या रसावर येतो तसा पांढरा फेस बोल्टभोवती यायला लागेल. फेस बघून बोल्ट आवळणारे खूप आहेत आणि मग म्हणतात एअर काढून झाली. थांबा. बुडबुडा एकही नसलेलं, पिवळसर स्वच्छ डिझेल सलग वाहायला लागेपर्यंत मारत राहा, आणि वाहत असतानाच बोल्ट आवळा. नंतर पंपावरचा एअर बोल्ट, तसंच. शेवटी नोझलच्या टोकाला दोन-तीन पाईपांचे नट अर्धा आटा ढिले करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. ठिबक-ठिबक करत डिझेल उडायला लागलं की आवळून टाका. बहुतेक वेळा शेवटचा नट आवळायच्या आतच इंजिन दोन सिलिंडरवर धडधडायला लागतं. प्रायमरची मूठ परत घट्ट फिरवायची विसरू नका, नाहीतर तिथूनच नवी हवा घेईल.

प्रायमर मारताना हाताला काय लागतं तेही बरंच सांगतं. एकदम पोकळ, जोरच लागत नसेल, तर मागून कुठूनतरी हवा ओढतोय किंवा प्रायमरच गेला आहे. एअर बोल्ट उघडा असूनही मूठ घट्ट असेल, तर फिल्टर चोंदलाय.

एअर काढल्यावर गाडी चालू झाली आणि उद्या सकाळी परत तेच, तर हवा कुठून शिरते ते शोधावं लागेल. इथे मी डबा लावतो. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात चांगलं डिझेल, त्यातून पारदर्शक नळी थेट फीड पंपाला, टाकीची लाईन बाजूला. डब्यावर गाडी नीट चालली तर दोष टाकी किंवा टाकीच्या पाईपात, पंप निर्दोष. डब्यावरही नळीतलं डिझेल मागे सरकलं तर फीड पंपाचा व्हॉल्व्ह. युनियनचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे घाला, जुना वायसर उलटा करून बसवायची कंजुषी करू नका.

डब्याने पकडलेली एक गाडी सांगतो, कारण यात अडकणारे बरेच असतील. टँकर होता, उरणच्या बाजूने आलेला. चालू व्हायचा, पाच-दहा मिनिटं चालायचा आणि बंद. थोडा वेळ उभा केला की परत चालू. दोन गॅरेजं फिरून आला होता, पंप एकदा उतरवूनही झाला होता. डब्यावर अर्धा तास न थांबता चालला. मग टाकीत टॉर्च मारून बघितलं तर सक्शन पाईपच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा चिकटलेला. टाकीचं झाकण चोरीला गेलं म्हणून ड्रायव्हरने तोंडाला पिशवी बांधली होती, ती फाटून आत पडली. इंजिन ओढायला लागलं की तुकडा पाईपला घट्ट बसायचा, बंद झालं की सुटून तरंगायचा. झाकण नवं घेतलं असतं तर काही शेकड्यांत भागलं असतं.

झाकणावरून पाण्याचा विषय निघतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर टाकीत पाणी जाणं फार सोपं आहे, आणि अर्धी रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या दमट हवेचंही पाणी होतं. वॉटर सेपरेटरच्या खालचा स्क्रू ढिला करून काचेच्या किंवा पारदर्शक बाटलीत काढा आणि पाच मिनिटं ठेवा. पाणी खाली, डिझेल वर, मधे स्पष्ट रेघ दिसते. थोडं असेल तर काढून टाका, फिल्टर बदला. बाटलीभर पाणीच आलं तर टाकी धुतल्याशिवाय सेल्फ मारू नका. पंपाच्या आतल्या भागांना आणि नोझलना तेलपाणी डिझेलच करतं, पाण्याने ते खरवडले जातात. मग फिटरचा अंदाज खरा ठरेल, पण तो तुम्हीच खरा केलेला असेल. हायवेवर स्वस्त मिळणाऱ्या तथाकथित बायोडिझेलबद्दलही हेच म्हणतो.

समजा पांढरा धूर येतोय. मग आधी सेल्फ खरंच पुरेसा फिरतो का ते मोजा, कारण कानाला जोरात वाटणं वेगळं. दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्टची व्यवस्था, भरलेल्या बॅटऱ्यांवर मीटर २५ च्या वर दाखवतो. सेल्फ मारताना तो १९ च्या खाली कोसळत असेल तर नव्या बॅटरीची कौतुकं बाजूला ठेवा आणि टर्मिनल बघा. इथल्या खाऱ्या हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी धरते. गरम पाणी ओतून ब्रशने घासा, आणि चासी ते इंजिन जाणारी अर्थिंगची पट्टी काढून दोन्ही टोकं घासा. बॅटऱ्या बदलणारा ही पट्टी कधीच बघत नाही. हे सगळं ठीक असूनही पांढरा धूरच, तर मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला हवेचा दाब) किंवा टायमिंग (डिझेल फवारायची वेळ), आणि तिथे खरंच चांगला फिटर लागतो. थंडीमुळे घेत नाही असं कोणी म्हटलं तर सोडून द्या. नवी मुंबईत जानेवारीच्या पहाटेही निरोगी डिझेल इंजिनाला थंडी वाजत नाही.

पेट्रोलची चिंधी किंवा स्प्रे एअर क्लीनरपुढे धरून चालू करायचा जुगाड ड्रायव्हर सुचवेलच. नको. त्याचा स्फोट पिस्टन वर येण्याआधीच होतो, रिंगा तुटतात, पिस्टनच्या कडा फुटतात.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: गाडी बीएस-४ किंवा बीएस-६ ची, कॉमन रेलची असेल, तर वर लिहिलेलं नोझलचे नट ढिले करायचं काम चुकूनही करू नका. त्या पाईपात हजार बारच्या वर दाब जाऊ शकतो. तो फवारा कातडी फोडून मांसात शिरतो, आणि बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसलं तरी सरळ हॉस्पिटल गाठावं लागतं. तिथे फिल्टर, पाणी, बॅटरी, फ्यूज एवढंच स्वतः बघा, पुढचं स्कॅनरवाल्याकडे. रेलमध्ये ठराविक दाब तयार झाल्याशिवाय किंवा इंजिन फिरतंय हे सांगणाऱ्या क्रँक सेन्सरकडून सिग्नल आल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नोझल उघडतच नाही, त्यामुळे तिथे अंदाजाने सुटे भाग बदलत बसणं म्हणजे पैसे जाळणं.

गाडी साचलेल्या पाण्यातून जाताना बंद पडली असेल तर मात्र कुठल्याही मॉडेलला सेल्फ मारू नका. एअर क्लीनर उघडून ओला आहे का बघा. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, सेल्फ ठक् करून थांबतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. शीळफाट्याला किंवा आमच्या कळंबोलीत जोराच्या पावसानंतर अशा दोन-चार गाड्या येतातच.

तुमच्या गाडीला परत येतो. स्टॉप, एअर, डबा, पाणी, हे सगळं करूनही नोझलच्या पाईपाला डिझेल येत नसेल तर पंप उतरवा, त्याला इलाज नाही. फक्त फिटरच्या हातात नुसता देऊ नका. ज्या पंपवाल्याकडे टेस्ट बेंच (पंप फिरवून तपासायचं मशीन) आहे त्याच्याकडे सोबत जा, उघडण्याआधी बेंचवर लावून रीडिंग दाखवायला सांगा, जुने एलिमेंट (पंपातले डिझेल दाबणारे भाग) परत मागा, आणि उतरवताना टायमिंगची खूण करून घ्या. आज संध्याकाळी सेल्फ मारून धूर बघा आणि काय दिसलं ते लिहा.