ताडपत्री बांधण्याआधी

प्रिय मित्रा,

गिरगावातल्या चाळीच्या कौलांवर यंदा तू ताडपत्री बांधणार आहेस, तर मेअखेर काम उरकून घे. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला येतो, पण वळवाच्या सरी त्याआधीच गाठतात.

दुकानात टारपॉलिन हे इंग्रजी नाव ऐकशील. ‘टार’ म्हणजे डांबर. ‘पॉल’ म्हणजे पांघरायचं जाड कापड, मुळात लॅटिन ‘पॅलियम’, म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. सतराव्या शतकात डांबर फासलेलं असं कापड जहाजांवर इतकं रुळलं होतं की खलाशालाच टारपॉलिन आणि पुढे नुसतं ‘टार’ म्हणू लागले. आपल्या शब्दात ताडाचं पान आहे. आज मिळते ती प्लॅस्टिकच्या विणीची, दोन्ही बाजूंनी लेप दिलेली. डांबरी कापड स्वतःच्या वजनाने बसायचं. ही हलकी असल्याने वारा तिला उचलतो. म्हणून सगळी काळजी कडांची.

माप पाख्याच्या, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूच्या, उतारावरून घे, खोलीच्या फरशीवरून नव्हे, आणि चारी बाजूंना फूटभर जास्त धर. जीएसएम, म्हणजे चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, 200 च्या खाली नको. उन्हाला टिकणारी आहे का, हेही विचार.

आधी खालची ताडपत्री, मग तिच्यावर किमान फूटभर चढवून वरची. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून शेजारशेजारच्या जोडांना पूर्वेकडून सुरुवात कर. म्हणजे पुढची ताडपत्री आधीच्यावर चढते आणि जोडाचं तोंड वाऱ्याकडे राहत नाही.

ताडपत्रीच्या कडेला असलेल्या नुसत्या रिंगांत दोरी ओवलीस तर सगळा ताण तिथेच येऊन रिंग उपटते. कड बांबूवर दोन वेढे गुंडाळ आणि बांबूसकट वाशांना बांध. सुतळी कुजते. नायलॉन भिजल्यावर सैल पडतं, म्हणून पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा ताण दे. फडफडणारी कडच आधी फाटते. विटा ठेवू नकोस, खालून माणसं जातात.

मध्ये खोलगटपणा राहू देऊ नकोस. चौरस मीटरवर 10 सेंटिमीटर पाणी साचलं तर 100 किलो भार होतो, आणि जुने वासे तो पेलतीलच असं नाही. कड पन्हळीच्या मध्यावर सोड, पन्हळ झाकू नकोस.

कौलांवर थेट पाय नको. आडवी फळी टाक, जोडीदार घे, ओल्या छपरावर चढूच नकोस. ऑक्टोबरात काढून, पूर्ण वाळवून मगच घडी घाल.

तुझा हितचिंतक