आजोबांची १९५१ ची शेवरोले ६ व्होल्टची आहे. नाशिकमधले मिस्त्री १२ व्होल्ट करून घ्या म्हणतात. करावी का? काय काय बदलावं लागेल?

माझ्याकडे पन्नासच्या दशकातली विलीज जीप आहे, तीही मुळात ६ व्होल्टचीच. मी ती १२ व्होल्ट करून बसलोय. पश्चात्ताप नाही, पण ज्या कारणासाठी केली ते कारणच चुकीचं निघालं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिसेंबरात आमच्याकडे निफाडच्या बाजूने गारठा आला की सकाळी जीपचा सेल्फ कण्हायचा. सगळे म्हणाले, ६ व्होल्टमध्ये दमच नाही. केली १२. काही महिन्यांनी जुनी बॅटरी केबल सहज कापून पाहिली, तर ती हल्लीच्या गाड्यांची बारीक केबल! आधीच्या कुणीतरी घातलेली, आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं. दोष व्होल्टचा नव्हताच.

सेल्फ मारताना दोनशे अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो. वाटेत नुसता ५ मिलिओहम रोध असला तरी १ व्होल्ट तिथेच जिरतो. बारातला एक गेला तर चालून जातं, सहातला गेला तर सहावा हिस्सा गेला. दिव्यांचं त्याहून वाईट. फिलामेंटचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार झपाट्याने पडतो. ६ च्या जागी ५ मिळाले की उजेड जवळपास निम्मा. मग लोक म्हणतात, जुन्या गाडीचे दिवे म्हणजे काजवे.

तेव्हा आधी हे करा. बॅटरीच्या दोन्ही केबल ५० ते ७० चौरस मिलिमीटरच्या घाला. अंबडला वेल्डिंगच्या सामानात मिळणारी तांब्याची केबल उत्तम, टोकांना थिंबल (बोल्टखाली बसणारं तांब्याचं टोक) दाबून घ्या. इंजिन ते चासी वेगळी अर्थ पट्टी (करंट बॅटरीकडे परत जायची वाट) टाका, खालचा रंग खरवडून. हेडलाइटला रिले (बॅटरीचा करंट थेट दिव्याला देणारा स्विच) लावा, ६ व्होल्टचाच. सेल्फचे ब्रश आणि बुश बघून घ्या. एवढ्यावर तुमची शेवरोले निमूट चालू लागली तर खर्च वाचला आणि गाडी मूळची राहिली. विंटेज रॅलीत परीक्षक बॉनेट उघडून बघतात, हेही ध्यानात असू द्या.

तरीही करायचीच असेल, म्हणजे रात्रीचा कसारा घाट वगैरे करायचा असेल, किंवा ६ व्होल्टची बॅटरी शोधून कंटाळला असाल, तर जुनी वायरिंग जाड असते, १२ वर करंट निम्मा होतो, म्हणून जाडीची काळजी नको. काळजी तिच्या कातडीची. कापडी-रबरी आवरण हातात चुरा होत असेल तर वायरिंगचं पूर्ण किट नवीन ओढा आणि बॅटरीजवळ मेन फ्यूज टाका.

डायनामो आणि कटआउट (त्याचं चार्जिंग सांभाळणारी डबी) जाऊन अल्टरनेटर येतो. इथे मिस्त्री मारुती ८०० चा बसवतात, चालतो. पण जुना बेल्ट रुंद असतो, पुली बदलावी किंवा लेथवर करून घ्यावी लागते. बॅटरी जोडण्याआधी अर्थ कुठला, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक चासीला जोडलंय, ते मल्टीमीटरने तपासा. तुमच्या शेवरोलेला निगेटिव्ह असायला हवा, पण सत्तर वर्षांत किती हात फिरलेत कुणाला ठाऊक. उलटी जोडली की अल्टरनेटरचे डायोड क्षणात जातात.

बल्ब, फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा) आणि इग्निशन कॉइल १२ ची. हेडलाइट सोपा, बुलेटला बसतो तोच सात इंची गोल. हॉर्न थोडा वेळ १२ वर बोंबलतो, मग जळतो. सेल्फ मात्र ६ चाच राहू द्या. १२ वर तो चालतो, पण झटक्यात फिरतो, म्हणून सेल्फच्या दातेरी चाकाचे आणि ते ज्यात अडकतं त्या फ्लायव्हील रिंगचे दात झिजतात. दोन-तीन सेकंदांच्या वर दाबून धरायचा नाही, एवढं पथ्य. अँपिअर मीटरला काही करावं लागत नाही, तो करंट मोजतो. पेट्रोलच्या काट्याला १२ वरून ६ करणारा रिड्यूसर लावा. मी आधी नुसता रेझिस्टर लावला होता, काटा कायम आशावादी. वायपर व्हॅक्यूमवरचा असेल तर त्याला हात लावू नका. व्हॉल्व्हचा रेडिओ असेल तर त्याची वायर सरळ काढून ठेवा, १२ दिलेत तर गेलाच.

दोन ६ व्होल्टच्या बॅटऱ्या जोडून मधून टॅप काढायचा सल्ला कुणीतरी देईलच. ऐकू नका. एक बॅटरी जास्त वापरली जाते, दुसरी ओव्हरचार्ज होते, आणि दोन्ही लवकर मरतात.

काढलेला डायनामो आणि कटआउट भंगारात घालू नका. माझा तेल लावून गोणपाटात गुंडाळून माळ्यावर आहे.

आणि मिस्त्रीला होकार द्यायच्या आधी एक करा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर धरून कुणालातरी सेल्फ मारायला सांगा. पाव व्होल्टच्या वर आकडा आला तर अर्थमध्येच घोळ आहे. आकडा खाली लिहा, मग पुढचं बोलू.