मित्र वॉर्डात आहे, आपण काय करायचं?

प्रश्न : माझ्या वर्गमित्राला (वय ४६) रक्ताचा कर्करोग, एएमएल, असल्याचं निदान झालंय. सांगलीहून त्याला मुंबईत परळला आणलं. सोबत फक्त वहिनी आहेत. नववीतला मुलगा आणि आई गावी. आम्ही सहा मित्र आहोत, तीन मुंबईत, तीन सांगलीत. "काही लागलं तर सांगा" असं रोज म्हणतो, पण वहिनी काहीच मागत नाहीत.

उत्तर : त्या मागणार नाहीत. काय लागेल याचा विचार करायलाही डोकं मोकळं लागतं, आणि सध्या त्यांचं ते नाही. म्हणून विचारू नका, वेळ आणि काम दोन्ही ठरवून सांगा: "मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री दहा ते सकाळी सहा मी थांबतो."

रात्रच का? डॉक्टरांचा राउंड सकाळी असतो आणि त्या वेळी वहिनी झोपून उठलेल्या हव्यात. एएमएलच्या पहिल्या केमोचा मुक्काम साधारण चार आठवड्यांचा. औषधं सातेक दिवसांत संपतात, पुढचे दिवस केमोने उतरलेल्या रक्तपेशी पुन्हा वर येण्याची वाट पाहण्यात जातात. एकटं माणूस चार आठवडे स्टुलावर बसून काढू शकत नाही. दुसऱ्या आठवड्यात बायको आजारी पडते, आणि ताप असलेल्या नातेवाइकाला वॉर्डात घेत नाहीत.

अटेंडंटचा पास एकच मिळतो, तेव्हा पासाची अदलाबदल कुठे आणि किती वाजता होते ते आधी सुरक्षारक्षकाला विचारा. सोबत चटई, शाल, लांब वायरचा चार्जर आणि स्वतःचा डबा. आल्यावर सिस्टरांना तीन गोष्टी विचारायच्या: आज ताप किती होता, लघवी मोजून लिहायची आहे का, आणि रात्री कोणतं औषध आहे. ते एका वहीत उतरवा. रकाने इतकेच: तारीख, ताप, पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, डॉक्टर काय म्हणाले. वही उशाशी राहते. माणसं बदलली तरी माहिती बदलत नाही.

एक आकडा सहाही जणांनी पाठ करा: १००.४ फॅरनहाइट. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना इतका ताप म्हणजे तातडीची बाब, मग रात्रीचे तीन वाजलेले असोत. अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. "आधी एक क्रोसिन देऊन बघू" हे अजिबात नको. ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग झाकला जात नाही. डोकेदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकही नको; प्लेटलेट कमी असताना त्यांनी रक्तस्राव वाढतो. गावाकडून येणारा गुळवेलीचा काढा बाटलीतच राहू द्या. लिव्हरचे आकडे वाढले तर दोष केमोचा की काढ्याचा, हे डॉक्टरांना कळेनासं होतं.

आता रक्त. इथे बहुतेक मित्रमंडळी चुकतात आणि चुकतात ती उत्साहापोटी. पहिल्याच रविवारी सहाही जण जाऊन रक्त देऊन येतात. प्लेटलेट पाच दिवसच टिकतात, आणि मित्राला त्यांची गरज पडणार साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. शिवाय एकदा पूर्ण रक्त दिलं की मशीनवर प्लेटलेट द्यायला २८ दिवस थांबावं लागतं. म्हणजे ऐन गरजेच्या वेळी सहाही दाते बाद. त्यामुळे आधी वॉर्डात विचारा, पिशव्या बदली रक्ताच्या (रुग्णाला दिलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्तपेढीला द्यायच्या) हव्यात की एसडीपी हवेत. एसडीपी म्हणजे एकाच दात्याकडून मशीनवर काढलेले प्लेटलेट. साध्या प्लेटलेटच्या पाच-सहा पिशव्यांचं काम एक एसडीपी करतो. दात्याचं वजन किमान ५० किलो, हिमोग्लोबिन १२.५, प्लेटलेट दीड लाखाच्या वर, हाताची शीर ठळक, आणि गेल्या तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेलं नसावं. मशीनवर तास-दीड तास, तपासण्या धरून अर्धा दिवस जातो. उपाशी जाऊ नका. मध्येच ओठांना मुंग्या आल्या तर लगेच सांगा. रक्त गोठू नये म्हणून घातलेलं औषध कॅल्शियम बांधून ठेवतं, त्याने हे होतं. तंत्रज्ञ मशीनचा वेग कमी करतो आणि कॅल्शियमची गोळी देतो.

आणि सख्ख्या भावाला रक्त द्यायला पुढे करू नका. जवळच्या नातलगाच्या रक्तातल्या पेशी रुग्णाच्या शरीरावरच उलटू शकतात; असं रक्त विकिरण (रेडिएशन) करूनच द्यावं लागतं. शिवाय पुढे बोनमॅरो बदलायची वेळ आली तर तोच भाऊ दाता म्हणून लागेल. या कामाला मित्र भावापेक्षा बरा.

पैशाचं काम एकाकडेच द्या. वहिनींच्या हातात पाकीट ठेवण्यापेक्षा रुग्णालयाच्या खात्यात केस नंबर घालून थेट भरा आणि पावतीचा फोटो ठेवा. मदत की उसने, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. न सांगितलेली रक्कम घरच्यांना कर्जासारखी टोचत राहते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कवच आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच तिथे जा. बिल भरून झाल्यावर परतावा मागायची ही योजना नव्हे. राहण्यासाठी परळची नाना पालकर स्मृती समिती आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा इथे चौकशी करा; जाताना केस पेपर आणि रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाचं पत्र सोबत ठेवा.

डबा वहिनींसाठी न्या, साडेबाराच्या ठोक्याला. रिकामा डबा धुऊन परत करायची जबाबदारी त्यांच्यावर टाकू नका; पुढचा डबा आणणाऱ्याने तो उचलायचा. रुग्णासाठी मात्र आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही नेऊ नका. पेशी कमी असताना कोशिंबीर, कच्ची चटणी, बाहेरचं ताक बंद. ताजं, गरम, शिजवलेलं चालतं. फुलांचा गुच्छही नको, पाण्यात आणि देठांवर बुरशी असते.

सांगलीच्या तिघांकडे मुलाची शाळा आणि आजीच्या बीपीच्या गोळ्या. ही कामं मुंबईतल्या कामांपेक्षा लहान नाहीत.

प्रश्न : मित्राची नाशिकच्या खासगी रुग्णालयात शस्त्रक्रिया आहे. पाच लाखांचा विमा आहे म्हणून घरच्यांनी ८,००० रुपये रोजाची खोली घेतली. बरोबर केलं का?

उत्तर : पॉलिसीतली खोलीभाड्याची मर्यादा आधी वाचा. ती विमारकमेच्या १ टक्का असेल, तर रोजचे ५,०००. वरचे ३,००० तर खिशातून जातातच, पण खरी कात्री पुढे आहे: सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर वगैरे खर्चही कापला जातो, आठातले पाचच भाग मिळतात. असं बिल १,६०,००० झालं तर कंपनी १,००,००० देते. औषधं आणि इम्प्लांटला ही कात्री लागत नाही. खोलीनुसार दर न बदलणाऱ्या रुग्णालयातही लागायला नको. अजून वेळ असेल तर खोली बदला. घरी जायच्या दिवशी एका मित्राने सकाळपासून टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) टेबलाशी थांबावं. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यावी असा विमा नियामकाचा २०२४चा नियम आहे. उशीर बहुतेक वेळा रुग्णालयाने बिलच उशिरा पाठवल्याने होतो.

प्रश्न : मित्राला आजार किती बळावलाय ते सांगू नका, असं त्याच्या घरच्यांनी बजावलंय. काल त्यानेच विचारलं, "खरं सांग, मी यातून उठणार ना?" मी विषय बदलला.

उत्तर : तो पुन्हा विचारेल. तेव्हा "अरे, काही होत नाही तुला" म्हणू नका, त्याने बोलणं तिथेच तुटतं. निदान फोडायचं कामही तुमचं नाही. खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "तुला काय वाटतंय?" बहुतेकांना बरंच कळलेलं असतं. मग, "डॉक्टरांकडून सगळं ऐकायचंय का तुला?" हो म्हणाला, तर त्याच संध्याकाळी वहिनींना सांगा की तो विचारतोय, आणि डॉक्टरांकडे सगळ्यांची एकत्र वेळ मागा. नाही म्हणाला, तर विषय त्याचा त्याला बदलू द्या. भेट पंधरा मिनिटांची, फोन खिशात. डोळे मिटले तर उठायची घाई करू नका, गप्प बसलेलं चालतं. निघताना पुन्हा कधी येणार तो वार सांगा, आणि त्या वारी या.